पूर्णेच्या दरडीतलं पातं

बोदवडच्या बाजारपेठेत गौतमचंद बेदमुथा यांच्या कापड दुकानात जाऊन फसला नाही, असा माणूस आमच्या गावात नसेल. भावात ते कुणाला फसवत नसत. फसायचं ते वेळेत. सदऱ्यासाठी पॉपलीन मागायला जावं, तर गौतमभाऊ ठाण उलगडायचे, कापडावर मीटरपट्टी ठेवायचे आणि ती तशीच दाबून धरून विचारायचे, अमेरिकेत माणूस पहिल्यांदा कधी पोचला, सांगा बरं. गिऱ्हाईक शाळेत गेलेलं असलं तर कोलंबसाचं नाव घ्यायचं. तेवढंच भाऊंना हवं असायचं. पुढचा अर्धा तास कापडही अडकलेलं आणि गिऱ्हाईकही. समोरच आमचं सायकलचं दुकान. बी.ए. होऊन नोकरीची वाट पाहत मी तिथं पंक्चरं काढत बसायचो, त्यामुळे अमेरिकेतला आदिमानव मला माझ्या सख्ख्या मामापेक्षा जास्त ओळखीचा झाला होता.

ही विद्या भाऊंकडे आली रद्दीतून. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला एक अँग्लो-इंडियन गार्ड निवृत्त होऊन ऑस्ट्रेलियाला निघाला, तेव्हा त्याच्या घरची इंग्रजी मासिकं किलोवर विकली गेली. कापड गुंडाळायला म्हणून भाऊंनी एक गठ्ठा घेतला. पण कागद गुळगुळीत, पुडी बांधली की सुटायची. मग तो गठ्ठा गल्ल्यामागे पडून राहिला, आणि मुलगी चंद्रकांता लग्न होऊन अमळनेरला गेली त्या हिवाळ्यात, तिची शाळेतली डिक्शनरी मांडीवर घेऊन भाऊंनी त्यातला एक लेख वाचून काढला. सगळ्या गठ्ठ्यातला एकच. पण लोक पोथी लावतात तसा वाचला.

लेखातली गोष्ट अशी. अमेरिकेत माणूस आला तो फार तर तीन-चार हजार वर्षांपूर्वी, असं तिकडचे मोठे विद्वान छातीठोक सांगायचे. कुणी जुन्या दगडी हत्याराचं पातं आणून दाखवलं, तर म्हणायचे, तू हे कुठून उचललंस याला साक्षी कोण? वरची वस्तू खाली घसरते, खालची उंदीर वर काढतात. मग न्यू मेक्सिको नावाच्या कोरड्या मुलखात एका पुरानं नाला खोल कापला आणि तिथल्या एका गुराख्याला काठात हाडं दिसली. आताच्या गव्यांपेक्षा मोठ्या, कधीच्या नाहीशा झालेल्या गव्यांची. तो बिचारा वर्षानुवर्षं लोकांना सांगत राहिला, या, बघा. कुणी आलं नाही. तो मेला. मग लोक आले. इथं भाऊंचा आवाज खाली यायचा आणि गिऱ्हाइकाला उगीच वाटायचं की गुराखी यांच्या नात्यातला होता.

खणताखणता एका गव्याच्या दोन बरगड्यांच्या मधे दगडाचं पातं दिसलं. आणि मग त्या खणणाऱ्यांनी काय केलं? तर काही केलं नाही. पातं काढलं नाही, हलवलं नाही. तारा ठोकल्या, विद्वानांना बोलावलं, आणि त्यांनी येऊन, वाकून, आपल्या डोळ्यांनी पाहिलं की पातं बरगड्यांतच रुतलेलं आहे. ती गव्यांची जात संपून दहा हजार वर्षं झालेली. म्हणजे तिला मारणारा माणूस तेव्हा तिथं होता. पुढे आणखी जुनी पाती सापडली, मॅमथ नावाच्या हत्तींच्या हाडांजवळ. तो माणूस आला कुठून, तर आशियातून, चालत. त्या काळी पाणी बर्फ होऊन बसलेलं, समुद्र उतरलेला, मधे कोरडी जमीन.

“पातं हातात आलं की दगड,” भाऊ शेवटी म्हणायचे, “जागेवर असलं तर पुरावा.” आणि मग कापड कापायचे.

या गोष्टीत त्यांचा जीव का अडकला, ते त्यांनी एकदाच मला सांगितलं. त्यांचे पणजोबा मारवाडातून इकडं आले. भाऊंचा जन्म बोदवडचा, शाळा बोदवडची, बोली आमच्यासारखी. तरी नव्या माणसाची ओळख झाली की दुसरा प्रश्न हाच, शेठ, तुम्ही मूळचे कुठले? भाऊ म्हणाले, त्या बर्फातून चालत गेलेल्यांना हे विचारणारं तिथं कुणीच नसेल. पुढं गाव नाही, दुकान नाही, ओळखीचं माणूस नाही. केवढं बरं वाटलं असेल, आणि केवढं भकास.

घरी हे ऐकायला सुगनबाई होत्या. महाराजांच्या व्याख्यानाच्या दुसऱ्या तासाला बायका ऐकतात तसं त्या नवऱ्याचं ऐकायच्या, हात जोडलेले आणि मन वाळत घातलेल्या पापडांत. जैन स्थानकात, जिथं साधू उतरतात तिथं, विषय काढला, तर तिथले जाणते म्हणाले, जगाला आरंभच नाही, माणूस अनादि काळापासून आहे, मग गौतमचंदजी, तुमचा पहिला माणूस कुठला काढलात? सगळे हसले. भाऊही हसले. मग दुकानात येऊन पुन्हा गिऱ्हाईक धरलं.

एक माणूस मात्र ही गोष्ट हौसेनं ऐकायचा. निंबा. चौथीपर्यंत दोघे एका बाकावर होते. निंबाची शेती पूर्णेच्या काठी, कपाशी आणि थोडी केळी, नदीवर इंजिन बसवलेलं. बाजाराला आला की भाऊंच्या गादीवर ऐसपैस बसायचा आणि म्हणायचा, सांग रे भाऊ, ते गव्याचं. गोष्ट त्यानं वीस वेळा ऐकली असेल. त्याच्या ध्यानात राहिला तो गवा.

दुकान बंद असायचं त्या वारी भाऊ एसटीनं निंबाच्या गावी जायचे आणि पूर्णेच्या घळीघळीतून एकटे हिंडायचे. तिथल्या दरडी दोन-दोन पुरुष उंच, पिवळ्या मातीच्या, मधे वाळूगोट्यांचे पट्टे. खाली पडलेलं काही दिसलं तर उचलायचे, पण माती उकरायची नाही. एका चौमासात त्यांनी महाराजांकडून पच्चक्खाण, म्हणजे व्रत, घेतलं होतं की आपल्या हातानं जमीन खणणार नाही, मातीतही जीव असतो. कापड दुकानदारानं खणायचं नाही असं व्रत घेणं म्हणजे मी विमान चालवणार नाही अशी शपथ घेण्यासारखं, असं आम्ही म्हणायचो. पण अमेरिकेचा लेख वाचल्यापासून त्या व्रताला अर्थ आला. धर्म म्हणत होता हात लावू नको, विद्वानही म्हणत होते हात लावू नको. भाऊंसारख्या माणसाला याहून काय पाहिजे?

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो उन्हाळा. निंबाच्या इंजिनापासून थोडं वर दरडीचा एक भाग ढासळला होता. भाऊ तिथं गेले आणि उभेच राहिले. छातीच्या उंचीवर, वाळूगोट्यांच्या पट्ट्याखालच्या घट्ट मातीत, एक हाड बाहेर डोकावत होतं, बैलाच्या हाडापेक्षा पुष्कळ जाड. आणि त्याला लागून, अर्धं मातीत अर्धं बाहेर, दुधी गारगोटीचं पातं. पिंपळाच्या पानाएवढं, कडेनं बारीक बारीक टवके काढलेलं.

त्यांनी हात लावला नाही. निंबाला बोलावून दाखवलं, वरून पोतं बांधून सावली केली, गुरं आणि पोरं इकडं येऊ देऊ नको म्हणून सांगितलं, आणि मिळेल त्या गाडीनं बोदवडला येऊन तार केली. पुण्याला जुनी ठिकाणं खणणारे विद्वान असतात, हे त्यांना वर्तमानपत्रातून माहीत होतं. तारेचा मजकूर असा: हाड आणि दगडी पातं एकत्र, जागेवर, हात लावलेला नाही, पावसाआधी या. आमच्याकडं तार म्हणजे कुणीतरी गेलं. तारबाबूनं आधी विचारलं, कोण वारलं? मग मजकूर वाचून त्याला वाटलं हा मटक्याचा आकडा आहे. संध्याकाळपर्यंत गावात चर्चा, गौतमशेठनं हाडावर लावले, हाड म्हणजे सत्ता की अठ्ठा?

पुण्याहून कार्ड आलं. गुरुवारी येतो. हात लावला नाही हे फार चांगलं केलंत, असंही त्यात होतं. ते कार्ड भाऊंनी मला वाचून दाखवलं, मग आमच्या वडिलांना, मग गिऱ्हाइकांना. त्यांना काय हवं होतं ते आता कुणालाही दिसत होतं. बक्षीस नको, नाव नको. कळणाऱ्या एका माणसानं यावं, त्यांच्या शेजारी उभं राहावं, वाकावं आणि जागेवर पाहावं. एवढंच.

तोवर दुकान वाऱ्यावर सोडून ते रोज दरडीपाशी जाऊन बसायला लागले. जेठाचं ऊन. आमच्या खानदेशात त्या दिवसांत कुत्रंसुद्धा दुपारी घर सोडत नाही. शनिवारी त्यांना ऊन लागलं. ताप असा चढला की सुगनबाईंनी खाट ओसरीत ओढून कांद्याच्या रसानं तळपाय चोळले. कांदा त्या घरात कधी येत नसे, तो आमच्याकडून नेला. सोमवारपर्यंत भाऊ उठून बसलेसुद्धा नव्हते.

त्या सोमवारी वर वऱ्हाडात कुठंतरी वळीव कोसळला आणि पूर्णेला गढूळ पाणी आलं. निंबा इंजिन वर ओढायला गेला, तर पाणी दरडीच्या पायथ्याला लागलेलं आणि चढतंय. भाऊ अंथरुणात. निंबानं विचार केला तो मित्रानं करावा तोच. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून, एका हातानं दरडीतून लोंबणारं झाडाचं मूळ धरून, दुसऱ्या हातानं विळ्यानं माती उकरली आणि पातं काढलं. काढताना हाडाचा भुगा झाला, हाती आले तेवढे तुकडे घेतले. सगळं नदीत स्वच्छ धुतलं, लग्नातल्या नव्या उपरण्यात बांधलं आणि मंगळवारी पहिल्या गाडीनं बोदवडला आणलं. आमच्या दुकानासमोरूनच गेला. चेहरा असा, जणू घरात मुलगा झालाय. मीही मागोमाग गेलो.

भाऊ ओसरीत उशीला टेकून बसले होते. निंबानं उपरणं त्यांच्या मांडीवर सोडलं. “भाऊ, तुह्यासाठी आनलं. नदी घेऊन जात होती, मी नेऊ नाही देल्लं.”

भाऊंनी पातं हातात घेतलं. ते इतकं धुतलेलं होतं की मातीचा कण नव्हता. ते उलटंसुलटं करून पाहिलं. मग एवढंच म्हणाले, साहेब गुरुवारी जागेवर बघायला येणार होते रे.

“मंग एवढंच ना?” निंबा म्हणाला. “उद्या जातो आन परत बसवून देतो. खाच मले ठाऊक हाये. दिवाळीत देव घासून परत देव्हाऱ्यात बसवत नाही का आपन?”

भाऊंनी त्याच्याकडं पाहिलं आणि हसण्याचा प्रयत्न केला. “नको. राहू दे. बरं केलंस तू.”

बुधवारी ताप उतरला नसताना भाऊ दुकानात येऊन बसले. पातं गल्ल्यात. त्या दिवशी त्यांनी एका बाईचं झंपराचं कापड आखूड कापलं, जे आयुष्यात कधी झालं नव्हतं. दुपारी रस्ता ओलांडून आमच्याकडं आले आणि मला विचारलं, “एखादी वस्तू जिथं होती तिथंच, जशी होती तशीच परत ठेवली, तर ती खोटी होते का रे?”

मला विनोद सुचला. मी म्हटलं, पंक्चर काढलेली ट्यूब नवी म्हणून विकता येते भाऊ, गिऱ्हाईक पुन्हा येईपर्यंत. ते हसले नाहीत. नदीकडं जाणारी दुपारची एसटी आमच्या दुकानासमोर थांबली, तेव्हा ते उठून उभे राहिले. गाडी गेली, मग बसले.

गुरुवारी साहेब आले. तरुण होते, तीन ठिकाणी गाड्या बदलून आलेले, तरी चेहऱ्यावर उत्साह. थांब्यापासून नदीपर्यंत जायला भाऊंनी आमच्या दुकानातली भाड्याची सायकल एसटीच्या टपावर चढवली आणि सायकलीबरोबर मीही गेलो. वाटेत भाऊ डोळे मिटून बसले. साहेबांना वाटलं, आजारी आहेत.

दरडीवर निंबा इस्त्रीचा सदरा घालून उभा होता. साहेबांनी पोतं बाजूला केलं. खिशातून लहानसा ब्रश काढला. समोर हातभर खड्डा, विळ्याचे फटकारे स्पष्ट. त्यांनी ब्रश खिशात परत ठेवला आणि विचारलं, “हे कुणी काढलं?”

निंबानं छाती पुढं केली होती, तोंडही उघडलं होतं.

“मी,” भाऊ म्हणाले.

निंबा त्यांच्याकडं बघतच राहिला. मग वळला आणि इंजिनाकडं चालू लागला. तो लांब गेल्यावर साहेब जे बोलले, ते त्यानं ऐकलं नाही. भाऊंना तेच हवं होतं.

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, तारेत तर तुम्ही लिहिलं होतं, हात लावलेला नाही. भाऊ म्हणाले, तेव्हा नव्हता. मग म्हणाले, पाणी चढलं होतं. साहेबांनी दरडीवरची ओल दाखवली. पाणी त्या खड्ड्याच्या खाली हातभर थांबून उतरलं होतं. नुसतं थांबला असतात तर, असं काहीतरी ते म्हणाले आणि वाक्य अर्धंच ठेवलं. पातं उलटसुलट पाहून म्हणाले, कारागिरी सुंदर आहे, जुनं आहे यात शंका नाही. पण किती जुनं, आणि हाडाबरोबर होतं की नाही, हे आता मला सांगता येणार नाही. तुम्ही सांगाल, पण ते तुमचं सांगणं झालं. भाऊ मान हलवत होते. हा धडा त्यांना पाठ होता, वर्षभर तेच तर शिकवत होते. साहेब पातं आणि हाडाचे तुकडे पुण्याला ठेवायला घेऊन गेले. निरोप घेताना त्यांनी हात जोडले, पण नजर दुसरीकडं होती. हाव न आवरलेला आणखी एक हौशी, एवढंच त्यांच्या मनात राहिलं असणार.

मला राहवलं नाही. येताना गाडीत मी विचारलं, निंबाचं नाव का नाही सांगितलं? भाऊ खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “तो पाण्यात उतरला होता रे माझ्यासाठी. त्यानं कशाची वाट लावली, हे त्याला कळून काय मिळणार?”

पण निंबाला जे कळायचं ते वेगळंच कळलं. पुढच्या बाजारी त्यानं चौकात सांगितलं, जीव धोक्यात घातला मी आणि पुण्याला नाव लावलं बेदमुथानं. लोकांनी माना डोलावल्या, व्यापारीच तो. निंबानं कापड भुसावळहून आणायला सुरुवात केली. कधी समोरासमोर आलाच, तर “काय शेठ, बरं हाये?” म्हणून पुढं जायचा. चाळीस वर्षांत तो भाऊंना पहिल्यांदा शेठ म्हणत होता.

इकडं स्थानकातही बातमी गेली, गौतमचंदजींनी व्रत मोडलं, माती उकरली. सुगनबाईंना ठाऊक होतं की त्या सोमवारी नवरा अंथरुणातून हलला नव्हता. त्या काही बोलल्या नाहीत. भाऊंनी महाराजांकडून प्रायश्चित्त घेऊन उपवास केले. उकरल्याचे की खोटं बोलल्याचे, ते महाराज जाणोत.

दुकानात आता झटपट काम व्हायचं. मागावं तेवढं कापड मिळायचं, मीटरपट्टीवर हात थांबायचा नाही. पहिले काही दिवस गिऱ्हाइकांना सुटल्यासारखं वाटलं. मग एकानं आपणहून विचारलं, भाऊ, तुमच्या त्या अमेरिकेचं काय झालं? भाऊ म्हणाले, किती मीटर देऊ?

भादव्यात पर्युषण झालं. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी जैन मंडळी घरोघरी जाऊन वर्षभरातल्या अपराधांची क्षमा मागतात. भाऊ दरवर्षी बाजारपेठेत फिरायचे, आमच्याही दुकानात हात जोडून जायचे. त्या वर्षी ते एसटीत बसून निंबाच्या गावाला गेले. तिथं काय झालं, ते निंबानंच मला पुढच्या बाजाराला सांगितलं, सायकलची चेन बसवून घेता घेता, मोठ्या आनंदात.

भाऊ दारात उभे राहिले आणि म्हणाले, माझ्या हातून चुकलं असेल ते माफ कर. निंबानं आधी बसायलाही सांगितलं नाही. म्हणाला, बाकी काही नाही, मले एवढंच लागलं की तू खोटं बोलला.

“हो,” भाऊ म्हणाले. “खोटं बोललो.”

“मंग माह्या मनातलं सगळंच गेलं,” निंबा मला म्हणाला. “मानूस कबूल होते, त आपन काहाले धरून ठेवायचं? मोह व्हते एखाद्या येळेस.” त्यानं भाऊंना खाटेवर बसवलं, चहा सांगितला, भाऊ म्हणून हाक मारली. मग नदीवर घेऊन गेला. श्रावणातल्या पुरानं ती सगळी दरड नेली होती. इंजिनाची जागासुद्धा उरली नव्हती, नुसती वाळू.

“मी त्याले म्हटलं, पाह्य भाऊ, मी काढलं नसतं त आज कुठी राह्यलं असतं ते?”

“काय म्हणाले?”

“म्हने, हो रे निंबा, कुठंच नसतं.”

चेन बसली. निंबानं पायडल फिरवून पाहिलं. मग आठवलं तसं म्हणाला, त्या दिवशी म्हशीची धार काढायची होती म्हणून तो स्वतः नदीवरून घरी परतला. भाऊ मात्र एसटीची वेळ होईपर्यंत तिथंच वाळूवर एकटे बसून राहिले होते.

“त्याले नदी आवडते,” निंबा म्हणाला आणि सायकलवर बसला.